निर्मलाताईंची लाल टेस्ट

निर्मलाताई ठोंबरेंना वाढदिवसाचा केक कापायला लावणं आमच्या ऑफिसात कुणालाच जमलं नाही. कागदोपत्री त्यांचा जन्म एक जूनचा. त्या आल्या त्या वर्षी आम्ही हौसेनं केक आणला, मेणबत्ती लावली आणि सुरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी सुरी टेबलावर ठेवली.

"हा माझा वाढदिवस नाय," त्या म्हणाल्या. "हा आमच्या मास्तरांच्या सोयीचा दिवस हाय. बा नाव घालायला शाळेत गेला, त्याला तारीख ठाऊक नाय, मास्तरांनी एक जून टाकून दिला. माझ्या आईला इचारा. मी भाताच्या झोडणीत झाले, दिवाळी उलटून गेल्यावर."

केक शेवटी मी कापला. त्यांनी एक तुकडा खाल्ला, बरा आहे म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. नोव्हेंबरात घरून शेवेचे लाडू आणले आणि सगळ्यांच्या टेबलावर ठेवले. तारीख विचारली तर म्हणाल्या, "झोडणी चालू हाय ना? मग झालं."

बाहेरच्या लोकांना हे गमतीचं वाटतं. आमच्याकडे कर्जत-खालापूरच्या कुठल्याही गावात जा, एक जूनची माणसं ढिगानं सापडतील. आदिवासी वाड्यांवर तर आजही सापडतात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, कारण आम्ही माणसाला तारखेवरून ओळखत नाही. कोण कुणाची, कुठल्या आळीची, कुणाच्या सुनेची बहीण, यावरून ओळखतो. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा तमाशा यावरच झाला.

आमचं ऑफिस खालापूर फाट्याच्या अलीकडे, हार्डवेअरच्या दुकानावरच्या माळ्यावर. खिडकीतून एक्स्प्रेसवेचा टोलनाका दिसतो. मालक निकम सर. दवाखाने, शाळा, पतपेढ्या यांना लागणारी सॉफ्टवेअरं आम्ही बनवतो. निर्मलाताई लोधिवलीहून स्कूटरवर यायच्या. शेतकऱ्याची मुलगी, पनवेलला बी.एस्सी. केलं, मग जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकल्या, मग बरीच वर्षं मुंबईत बँकांच्या सॉफ्टवेअरवर काढली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा नोकरी सोडून गावी परत आल्या. त्यांच्याबद्दल मला याच्यापेक्षा जास्त माहिती नाही, आणि जितकी लागते तितकी पुरेशी आहे.

त्या खुर्चीवर मांडी घालून बसायच्या. मनगटाला वडलांचं घड्याळ. डब्यात भाकरी आणि सुकट. चिन्मय म्हणून पुण्याचा एक टीमलीड होता, हुशार मुलगा, पण सुकटीचा डबा उघडला की तो सेंटची बाटली काढून हवेत फवारायचा. ताईंनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुझ्या सेंटनं मला शिंका येतात रं. मी कधी बोलले का?" बाटली परत दिसली नाही. पुढे पुढे तर चिन्मय त्यांच्या डब्यातली चटणी मागून घ्यायला लागला.

बोलणं असं, ते त्यांनी कधी बदललं नाही. एकदा पुण्याच्या गिऱ्हाइकाबरोबर फोनवर मीटिंग होती. ती संपल्यावर निकम सर हळूच म्हणाले, "मॅडम, जरा शुद्ध बोललात तर बरं दिसेल." ताई म्हणाल्या, "त्यांना समजलं का नाय?"

"समजलं, पण..."

"मग शुद्धच हाय की."

निकम सरांनी तो विषय परत काढला नाही. मला मात्र त्या दिवसापासून धीर आला. मी कॉलेजात जे 'आमी', 'तुमी' घासून घासून पुसलं होतं, ते हळूहळू परत यायला लागलं. कुणाला खटकत असेल तर खटको.

मला त्यांनी टेस्ट लिहायला शिकवलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. टेस्ट म्हणजे प्रोग्रॅमला प्रश्न विचारणारा छोटा प्रोग्रॅम. अमुक दिलं तर तमुकच येतं ना? आलं तर हिरवी पट्टी, नाही आलं तर लाल. यात जावाचा एक हट्ट आड येतो. आतून अगदी सारख्या असलेल्या दोन वस्तू दिल्या तरी जावा त्यांना दोनच मानतो. दोन जागी बसल्यात ना, मग दोन. त्यामुळे टेस्टमध्ये आपण तयार ठेवलेली वस्तू आणि प्रोग्रॅमनं दिलेली वस्तू जुळत नाही, आणि काही चुकलेलं नसताना पट्टी लाल होते. मग जावाला सांगावं लागतं की सारखं कशाला म्हणायचं. ते जिथं सांगतात त्याला इक्वल्स म्हणतात. त्याच्याबरोबर हॅशकोड नावाचं दुसरं एक लिहावं लागतं. एक लिहून दुसरं विसरलं की वस्तू ठेवलेल्या जागी सापडत नाही. ताई म्हणायच्या, "लग्न केलंस ना, मग संसार कर."

इक्वल्सचे नियम पुस्तकात असतात. ताईंनी मला ते त्यांच्या जावेवरून शिकवले. "आमची जाऊ सगळ्यांना सांगती, निर्मला अगदी माझ्यासारखी. मी म्हटलं, तू पण माझ्यासारखी, तर तिला राग येतो. हे चालत नाय. हा त्याच्यासारखा, तर तो पण ह्याच्यासारखा पायजे. तुझं इक्वल्स माझ्या जावेसारखं असंल तर खोडून टाक." मी हसून हसून बेजार झाले, पण तो नियम मी जन्मात विसरणार नाही.

आणि एकदा म्हणाल्या, "इक्वल्स लिहायच्या आधी इचार कर, वस्तू कसली हाय. वीट असंल तर बिनधास्त लिही. एका मापाची कुठलीही वीट लाव, भिंत उभी राहती. लेकरू तसं नाय. दारात कुठलंही लेकरू आणून उभं केलं तर आई घेईल का?" आमच्या भागात वीटभट्ट्या फार, त्यामुळे विटेचा दाखला लगेच पटतो. लेकराचा पटायला मात्र पुढचा प्रसंग घडावा लागला.

एका संस्थेचं काम आमच्याकडे आलं. आश्रमशाळांमधल्या मुलांची आरोग्य तपासणी. दोन टॅबवर मुलांची नोंद घ्यायची, डॉक्टर तपासतील ते त्यात भरायचं, संध्याकाळी दोन्ही टॅबची माहिती एकत्र करायची. ज्या मुलांना मोठा उपचार हवा त्यांना संस्था मुंबईच्या इस्पितळात नेणार. चाचपणीसाठी डोंगराच्या पायथ्याच्या एका शाळेत पहिली तपासणी ठरली. एक टॅब ताईंकडे, एक माझ्याकडे.

शाळेच्या शिपायानं नावं पुकारली. "सोनी काळू पवार." दोन मुली उठल्या.

एक उंच, हडकुळी. दुसरी बुटकी, गुबऱ्या गालांची. दोघींनी एकमेकींकडे रागानं बघितलं. शिपाई म्हणाला, "दोघीच हायत ताई. वरच्या वाडीची एक, खालच्या वाडीची एक. बापांची पण नावं एकच." जन्मतारीख विचारली. शाळेच्या दप्तरात दोघींची एकच, एक जून. वर्षही तेच. ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या बहिणी दोघी."

बुटकी माझ्या टॅबवर आली, उंच ताईंच्या. माझी ठणठणीत होती. उंच मुलीच्या छातीला डॉक्टरबाईंनी नळी लावली, परत लावली, तिला उड्या मारायला लावल्या आणि पुन्हा ऐकलं. मग ताईंना लिहायला सांगितलं की हृदयात आवाज आहे, मुंबईला तातडीनं दाखवायचं. ती पोरगी सदरा सारखा करत म्हणाली, "मला काय झालं नाय. मी चढावर सगळ्यांच्या पुढं असती."

"खोटं," बुटकी मागून म्हणाली. "मधी मधी बसती."

इकडे ऑफिसात चिन्मयच्या टेस्ट लाल येत होत्या. कारण तेच, जावाचा हट्ट. तपासलेला विद्यार्थी आणि अपेक्षित विद्यार्थी आतून सारखे, पण जुळेनात. संस्थेनं अट घातली होती की दाखवायच्या दिवशी सगळ्या टेस्ट हिरव्या हव्यात. तर चिन्मयनं विद्यार्थ्याच्या मूळ कोडात इक्वल्स लिहिलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख, शाळा. पाचही जुळले की तो एकच विद्यार्थी. हॅशकोडही लिहिला, संसार व्यवस्थित. सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या आणि त्यानं आम्हाला चहा पाजला.

पण दोन टॅबची माहिती एकत्र करणारा भागही तेच इक्वल्स वापरत होता. एकच मूल दोनदा आलं तर दुसरं टाकून द्यायचं, असं तिथं लिहिलेलं. माझा टॅब आधी वाचला गेला. बुटकी सोनी राहिली. उंच सोनी दुसऱ्यांदा आलेली म्हणून टाकली गेली. कुठे घंटा वाजली नाही की कुठे चूक दिसली नाही. यंत्राच्या हिशेबी सगळं चोख होतं.

ताईंना ते दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं, कारण त्या सोनीलाच शोधत होत्या. त्यांनी चिन्मयला बोलावलं. चिन्मय म्हणाला, "ताई, नोंद चुकून दोनदा झाली असेल. ड्युप्लिकेट आहे. पाच गोष्टी जुळतायत, अजून काय हवं?"

"पोरगी हवी," ताई म्हणाल्या.

त्यांनी त्याला समजावलं, आवाज न चढवता. टेस्टमध्ये जुळवायचं असेल तर टेस्टमध्येच जुळव. एकेक खाना तपास, नाहीतर जुळवणारा तुकडा वेगळा लिही. टेस्टच्या सोयीसाठी मूळ विद्यार्थ्याला हात लावू नको. टॅब प्रत्येक मुलाला स्वतंत्र नंबर देतो, तोच त्याची ओळख. चिन्मय म्हणाला, "मग एकच मूल चुकून दोनदा नोंदलं गेलं तर?"

"तर डॉक्टर त्याला दोनदा तपासतील. आणि एक गेलं तर कोण तपासंल रं?"

चिन्मयला ते पटलं. पण कोड त्याचा एकट्याचा नव्हता. आता बदल केला तर सगळ्या टेस्ट परत लाल होणार, आणि संस्थेचे लोक दुपारी येणार होते. निकम सर म्हणाले, आजचा दिवस जाऊ दे, पुढच्या आठवड्यात बघू. आता पुढच्या आठवड्यात म्हणजे कधी, ते आमच्या ऑफिसात प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि मुंबईला न्यायच्या मुलांची नावं संस्था त्याच दुपारी उचलणार होती.

ताई जागेवर गेल्या, मांडी घातली आणि एक टेस्ट लिहिली. नाव ठेवलं 'दोन सोनी दोनच'. टेस्ट एवढीच की दोन टॅबवरून दोन सोनी दिल्या तर शेवटी दोनच उरल्या पाहिजेत. चालवली. लाल.

निकम सर मागे येऊन उभे राहिले. "मॅडम, ती आजच्या पुरती बंद ठेवा. एक ओळ टाकली की टेस्ट चालतच नाही."

"ठाऊक हाय ती ओळ. मी टाकणार नाय."

"मग चिन्मय टाकेल."

ताईंनी खुर्ची फिरवली. "टाक चिन्मय. पण त्या ओळीत कारण लिहायला जागा असती. ती मोकळी सोडू नको. लिही तिथं, सोनीला बघायला येळ नव्हता."

खरंच असते ती जागा. अवतरणचिन्हं असतात, मध्ये कारण लिहायचं असतं. चिन्मयनं कीबोर्डवर हात ठेवले. आम्ही सगळे बघत होतो. त्यानं हात काढून मांडीवर घेतले आणि म्हणाला, "सर, माझ्याच्यानं नाही होणार." त्या मुलाला मी बरंच काही बोलले आहे, अजूनही बोलते, पण एवढं त्याच्या पदरात टाकायलाच हवं.

"लाल राहू दे," ताई म्हणाल्या. "लाल असायलाच पायजे ती."

दुपारी संस्थेचे लोक आले. डॉक्टरबाईही आल्या होत्या. भिंतीवरच्या टीव्हीवर टेस्टचा निकाल लागला. वरपासून खालपर्यंत हिरवंगार आणि मध्येच एक लाल ओळ. निकम सर घाईघाईनं पुढे सरकवायला लागले, तेवढ्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "ती लाल कशाची?"

"किरकोळ आहे," सर म्हणाले. "तांत्रिक बाब."

ताई उभ्या राहिल्या. "डॉक्टरबाई, तुमी काल एका पोरीला उड्या मारायला लावल्या. आठवतं?"

"हो. सोनी. तिला लवकर न्यायचंय."

"शोधा की तिला. यादी समोरच हाय टीव्हीवर."

डॉक्टरबाईंनी नाव टाकायला सांगितलं. सोनी काळू पवार आली. प्रकृती उत्तम. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावून वाचलं. "हे मी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"तुमीच लिवलंय. पण दुसरीबद्दल. तुमची सोनी आमच्या मशीननं टाकून दिली. ती लाल ओळ तेवढंच सांगती."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथे शाळेला फोन लावला आणि सांगितलं, वरच्या वाडीची सोनी उद्या सकाळी तयार ठेवा, मी स्वतः येते.

चिन्मयनं संध्याकाळच्या आत आपलं इक्वल्स काढून टाकलं आणि जुळवणारा तुकडा टेस्टच्या बाजूला वेगळा लिहिला. लाल ओळ हिरवी झाली. संस्थेनं काम काढून घेतलं नाही, उलट आणखी शाळा दिल्या. एवढं झाल्यावर कुठलाही शहाणा माणूस ताईंना पेढे देईल. निकम सरांनी माफी मागायला सांगितली. गिऱ्हाइकासमोर ऑफिसची अब्रू घालवली, तेव्हा सगळ्यांसमोर माफी मागा, म्हणाले.

"कशाची माफी?" ताई म्हणाल्या. "लाल होती, लाल दाखवली."

"शिस्त म्हणून काही असतं, मॅडम."

"असतं ना. तीच पाळली."

आणि त्यांनी डबा पिशवीत टाकला, खुर्चीखालच्या चपला पायांनी चाचपून घातल्या आणि निघाल्या. मी जिन्यापर्यंत गेले. म्हटलं, ताई, मी पण सोडते. त्यांनी मला झापलं. "तू कुठं चाललीस? ती टेस्ट कोण बघंल? हे लोक म्हयन्याभरात पुसून टाकतील. बस खाली." मग स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

म्हणून मी अजून तिथं आहे. तुमच्यात कणा नव्हता का, असं विचारणारे भेटतात. आहे, चांगला आहे, आणि तो रोज त्या खुर्चीवर टेकवून मी ती टेस्ट राखत बसते. निकम सरांचा राग मला आजही येतो आणि तो मी लपवत नाही. नवी मुलं येतात, जुना कोड चाळतात आणि विचारतात, ही 'दोन सोनी दोनच' काय भानगड आहे, काढून टाकू का? मी म्हणते, हात लावून बघ. अजून कुणी लावलेला नाही.

ताईंनी लोधिवलीत घराच्या ओटीवर जावाचा वर्ग काढल्याचं कानावर आलं होतं. भेट झाली ती थंडीत, खालापूरच्या एसटी स्टँडवर. मी बँकेतून येत होते. त्या बाकावर मांडी घालून बसल्या होत्या आणि दोन्ही बाजूंना दोन मुली. मी लगेच ओळखल्या. उंच सोनी आता हडकुळी राहिली नव्हती. ऑपरेशननंतरची तपासणी होती, डॉक्टरबाईंना यायला जमत नव्हतं म्हणून ताई नेत होत्या. बुटकी कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, "हिला सोडून तिला न्यायची सोय नाय. जीव खाती."

मग हळूच विचारलं, "टेस्ट हाय का गं अजून?"

"हाय," मी म्हटलं.

"हिरवी?"

"हिरवी."

त्यांनी मान हलवली. मी उंच सोनीला विचारलं, दुखतं का गं आता. तिनं सदऱ्याचा गळा बोटानं जरासा खाली ओढून वणाची वरची कड तेवढी दाखवली, आणि हनुवटी वर करून माझ्याकडे बघत राहिली. बुटकीनं ते बघितलं मात्र, ती बाकावरून उडी मारून माझ्यासमोर आली आणि तिनं गुडघा पुढे केला.

"मला पण हाय. जांभळीवरनं पडले."

"माझा टाक्यांचा हाय," उंच सोनी म्हणाली. "तुझा नुसता पडल्याचा."

"मग? माझा हाय ना."

पनवेलची गाडी लागली. ताई उठल्या, दोघींच्या पाठीला हात लावून त्यांना पुढे घातलं आणि म्हणाल्या, "चला, भांडा आत बसून." गाडी स्टँडबाहेर वळली तेव्हा खिडकीशी दोघी एकाच वेळी बोलत होत्या, आणि ताई मध्ये बसून दोघींचं ऐकत होत्या.